मुलांनी मागे टाकलेले लेगो आणि ठोकळे ऑनलाइन विकताना : आधी मोजणी, मग भाव

बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या घरी पलंगाखालच्या खणात दोन प्लॅस्टिकचे डबे आणि एक जुनी पत्र्याची पेटी भरून लेगोच्या एकमेकांत बसणाऱ्या विटा, मेकॅनिक्सच्या नटबोल्टांनी जोडायच्या लोखंडी पट्ट्या आणि लाकडी ठोकळे कित्येक वर्षे पडून होते. थोरला दहावीत गेला, धाकटीचे मन चित्रकलेत रमले आणि त्या डब्यांना कोणाचा हात लागेनासा झाला. तेव्हा मी घाई केली. एक मोठा डबा न निवडता, न मोजता, ‘मुलांचे ब्लॉक्स, सगळे मिळून’ एवढाच मजकूर लिहून आठशे रुपयांना देऊन टाकला. पुढच्या आठवड्यात खण झाडताना तळाशी तीन सूचनापुस्तिका सापडल्या. त्यांच्यावरचे क्रमांक इंटरनेटवर शोधल्यावर लक्षात आले की, त्या डब्यात तीन संच जवळजवळ पूर्ण होते आणि त्यांतल्या एकाच संचाला आठशेपेक्षा अधिक किंमत आली असती. घेणाऱ्याने मला फसवले नव्हते. मी काय विकते आहे हे मलाच ठाऊक नव्हते.

त्यानंतर घरातली उरलेली आणि पुढे नात्यातल्या, सोसायटीतल्या मुलांची अशी बरीच खेळणी मी नीट मोजून विकली. सायकल किंवा बाहुली विकताना वस्तू कशी आहे हे एका नजरेत दिसते. बांधणीच्या खेळण्याचे तसे नसते. त्याची खरी किंमत संच किती पूर्ण आहे यावर ठरते आणि ते डब्याकडे पाहून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून या सगळ्या कामातला मोठा वाटा निवडण्याचा आणि मोजण्याचा आहे. जाहिरात, भाव आणि देवघेव ही त्यामानाने सोपी कामे आहेत.

मुलांना विचारून घ्या

डबा उघडण्याआधी ज्यांची खेळणी आहेत त्यांना विचारावे, मग ती मुले कितीही मोठी झालेली असोत. जे ठेवायचे असेल ते त्यांनी स्वतः वेगळे काढावे, आणि आलेल्या पैशांचे काय करायचे हेही आधीच ठरवावे. एकदा जाहिरात दिल्यावर मुलाने ऐनवेळी ‘हे नको विकू’ म्हटले तर घेणाऱ्यालाही त्रास होतो आणि मुलालाही वाईट वाटते. दुसरा लाभ असा की, कोणता तुकडा कोणत्या गाडीचा हे मुलांच्या चांगले लक्षात असते आणि निवडताना त्यांची मोठी मदत होते.

आपल्याकडे नेमके काय आहे?

पहिला प्रश्न असतो तो लेगो खरा आहे की लेगोसारखा. डेन्मार्कमधील बिलुंड गावी १९३२ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या विटेवरील प्रत्येक गोल उंचवट्यावर इंग्रजीत कंपनीचे नाव उठावदार अक्षरांत असते. मोबाइलचा दिवा तिरपा धरला की ते स्पष्ट दिसते. ज्या भागांना उंचवटे नसतात, अशा बहुतेक भागांवर ते नाव आतल्या बाजूस किंवा कडेला अगदी बारीक असते. आपल्याकडच्या बाजारात लेगोशी जुळणारे, पण इतर कंपन्यांचे ठोकळे भरपूर मिळतात आणि वाढदिवसाच्या भेटींतून ते सगळे एकाच डब्यात मिसळून गेलेले असतात. त्यांत वाईट काही नाही, मुले त्यांच्याशीही तितक्याच आवडीने खेळतात. पण विकताना ते ‘लेगोशी जुळणारे ठोकळे’ या नावानेच विकले पाहिजेत. खऱ्या लेगोच्या ढिगात ते मिसळून विकणे हा खोटेपणा आहे. जाणकार घेणारा ते पाच मिनिटांत ओळखतो आणि मग बाकीच्या खऱ्या मालाविषयीही त्याच्या मनात शंका राहते.

लेगोची आजची वीट ज्या रचनेची आहे, तिच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला गेला, आणि तेव्हाच्या विटा आजच्या विटांमध्ये बसतात. म्हणूनच ही खेळणी जुनी झाली तरी निरुपयोगी होत नाहीत. दुसरे कारण आपल्या देशातले आहे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झाले, त्यामुळे परदेशी बनावटीचा नवा संच अनेक पालकांना महाग वाटतो आणि चांगल्या स्थितीतल्या वापरलेल्या संचाला घेणारा मिळतो.

मोठ्या विटा बहुधा डुप्लो असतात. १९६९ साली आलेल्या या मालिकेतील वीट लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी साध्या विटेच्या दुप्पट असते आणि ती साधारण दीड ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे. डुप्लो कायम वेगळा ठेवून वेगळा विकावा, कारण तो घेणारे पालक निराळे असतात आणि त्यांच्या घरात लहान तुकडे जाणे धोक्याचे असते. दातेरी चाके, जोडण्याच्या छोट्या खिळी आणि छिद्रांच्या पट्ट्या दिसल्या तर तो लेगोचा टेक्निक प्रकार समजावा.

यानंतर सूचनापुस्तिका शोधाव्यात. खोका फेकून दिलेला असला तरी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर संचाचा क्रमांक असतो, बहुधा चार किंवा पाच आकडी. पुस्तिका हरवली असेल तर मुलाचा जुना फोटो पाहावा. वाढदिवसाच्या फोटोंत मागे खोका दिसतो आणि त्यावरून क्रमांक मिळतो, हा माझा अनेकदा आलेला अनुभव आहे. क्रमांक मिळाला की कंपनीच्या संकेतस्थळावर पुस्तिका विनामूल्य पाहता येते आणि ब्रिकलिंक किंवा रिब्रिकेबल या संकेतस्थळांवर त्या संचातील प्रत्येक तुकड्याची चित्रासह यादी मिळते.

निवडणे आणि मोजणे

हे काम एका बैठकीत होत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. जमिनीवर जुनी सुती साडी किंवा चादर अंथरून त्यावर डबा रिकामा करावा, म्हणजे चार कोपरे उचलले की सगळे पुन्हा गोळा होते. बाजूला दोन-तीन पराती, स्वयंपाकघरातल्या वाट्या आणि झिपच्या पिशव्या घेऊन बसावे. सर्वांत आधी केस, पेन्सिलीचे तुकडे, खेळण्यातले नसलेले स्क्रू, वाळलेला च्युइंगम असा कचरा बाजूला काढावा. मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून थोडे थोडे चाळले की धूळ आणि बारीक कचरा खाली पडतो.

बहुतेक जण रंगांवरून निवडायला लागतात. तसे करू नये. काळ्या तुकड्यांच्या ढिगात काळीच छोटी खीळ शोधणे डोळ्यांना फार जड जाते. याउलट एकाच आकाराचे निरनिराळ्या रंगांचे तुकडे एकत्र असले तर हवा तो रंग लगेच उठून दिसतो. म्हणून आधी आकारावरून भाग करावेत : विटा, चपट्या पट्ट्या, उतरते तुकडे, चाके व टायर, दारे-खिडक्या, टेक्निकचे भाग आणि छोटी माणसे. पट्टी आणि वीट यांत गोंधळ होतो, तेव्हा तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एका विटेएवढी उंची होते हे लक्षात ठेवावे.

घट्ट बसलेले तुकडे दातांनी किंवा सुरीने उचकटू नयेत. दातांच्या खुणा कायम राहतात आणि त्या फोटोतही दिसतात. बऱ्याच संचांत तुकडे सुटे करण्याचे एक लहान अवजार येते. ते नसेल तर मुदत संपलेले बँकेचे कार्ड फटीत घालून हळूहळू उचलावे.

छोट्या माणसांकडे विशेष लक्ष द्यावे. १९७८ पासून आजच्या रूपात असलेल्या या माणसांचे डोके, केस किंवा टोपी, धड, पाय आणि हातातली वस्तू असे सगळे भाग वेगवेगळे निघतात, आणि संचाच्या किमतीचा मोठा हिस्सा अनेकदा त्यांच्यात असतो, विशेषतः चित्रपटांतील किंवा कथांतील पात्रे असतील तेव्हा. आमच्या धाकटीने एका पोलिसाच्या धडावर राजकन्येचे डोके बसवून ते तसेच तीन वर्षे ठेवले होते. ती जोडी सोडवून यादीशी ताडून पाहिली, तेव्हा दोन वेगवेगळे संच एकदम पूर्ण झाले. धडावर बारीक तडा आहे का, हाताचे पंजे ढिले झाले आहेत का, छपाई पुसली आहे का, हे प्रत्येक माणसाचे उजेडात धरून पाहावे.

आता संच पूर्ण आहे की नाही ते तपासण्याचे दोन मार्ग आहेत. दोनशे-तीनशे तुकड्यांपर्यंतचा संच पुस्तिकेप्रमाणे पुन्हा बांधून पाहावा. कोणत्या पानावर कोणता तुकडा कमी पडला हे आपोआप कळते, फोटोही छान मिळतो, आणि घरातल्या मुलांना शेवटचे एकदा ते बांधण्याचा आनंद मिळतो. आमच्या थोरल्याने परीक्षेनंतरच्या दोन दुपारी एवढ्याच कामात घालवल्या आणि त्याला बोलवावे लागले नाही. मोठ्या संचासाठी मात्र यादी कागदावर उतरवून एकेका प्रकारावर खूण करणे बरे पडते. कमी असलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद आकार, रंग आणि संख्या यांसह करावी.

कमी पडलेला तुकडा आपल्याच इतर ढिगातून त्याच रंगाचा मिळाला तर तो घालावा. वेगळ्या रंगाचा घातला तर तसे जाहिरातीत लिहावे. एखाददुसऱ्या तुकड्यासाठी परदेशी विक्रेत्याकडून मागवण्याच्या भानगडीत पडू नये. टपालखर्चातच सगळा नफा जातो.

धुणे आणि वाळवणे

लेगो चाळीस अंश सेल्सिअसपेक्षा गरम पाण्यात धुऊ नये, धुण्याच्या किंवा भांडी घासण्याच्या यंत्रात घालू नये, आणि केस वाळवण्याच्या यंत्राने वाळवूही नये, असे कंपनीच सांगते. हाताला सुखद वाटेल एवढ्या कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रवसाबणाचे चार थेंब घालून तुकडे जाळीच्या भाजीच्या पिशवीत भरून बादलीत अर्धा तास ठेवावेत, हलक्या हाताने ढवळावेत आणि दोन पाण्यांतून काढावेत. कोपऱ्यांतला मळ मऊ टूथब्रशने निघतो. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचा हात प्यायच्या पाण्याचा द्यावा, नाहीतर काळ्या तुकड्यांवर पांढरे डाग उमटतात. स्टिकर लावलेले भाग, मोटारी, दिवे आणि बॅटरीचे डबे पाण्यात घालू नयेत. ते ओलसर फडक्याने पुसावेत. सेल आधीच काढावेत, कारण विसरलेला सेल गळून आतील पत्र्यांवर क्षार जमवतो.

विटांच्या पोकळीत पाणी अडकून राहते. बडोद्याच्या पावसाळ्यात तर दोन दिवसांनीही तुकडे ओले सापडतात, आणि तसेच पिशवीत बंद केले तर कुबट वास येतो. पंचावर पोकळ बाजू खाली करून पसरावेत, पंखा लावावा आणि पुरते दोन दिवस जाऊ द्यावेत. कडक उन्हात ठेवू नयेत, कारण उन्हातील अतिनील किरणांनी पांढरे आणि राखाडी तुकडे पिवळे पडतात. पिवळे पडलेले तुकडे रसायन लावून पांढरे करण्याच्या कृती पुष्कळ आढळतात. मी त्या वापरत नाही. पुन्हा पिवळेपणा येऊ शकतो आणि प्लॅस्टिक ठिसूळ होण्याचा धोका असतो. ‘रंग थोडा पिवळसर झाला आहे’ एवढे लिहिले की पुरे.

एक गोष्ट आपल्या शहरातल्या लोकांना वेगळी सांगितली पाहिजे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी ज्या घरांत शिरले, तिथली तळमजल्यावरील खेळणी गढूळ, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात भिजली. अशा पाण्यात भिजलेले लाकडी ठोकळे आणि विजेवर चालणारे भाग विकूही नयेत आणि कोणाला देऊही नयेत. प्लॅस्टिकचे तुकडे स्वच्छ धुऊन वापरता येतात, परंतु विकत असाल तर ती गोष्ट घेणाऱ्याला सांगितलीच पाहिजे.

मेकॅनिक्स, लाकूड आणि चुंबके

लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टांच्या संचांत गंज हा मोठा शत्रू आहे. हलका गंज कोरड्या ब्रशने काढून शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसावे. धार निघालेली किंवा वाकून तुटायला आलेली पट्टी काढून टाकावी. नट आणि बोल्ट वेगवेगळे मोजून त्यांची संख्या लिहावी, आणि पाना व पेचकस आहेत की नाहीत तेही सांगावे, कारण तेच आधी हरवतात.

लाकडी ठोकळे भिजवू नयेत. पिळलेल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावेत, भुंग्याची छिद्रे किंवा सुटलेला रंग दिसला तर तो ठोकळा वगळावा.

कडांतल्या चुंबकांनी एकमेकांना चिकटणाऱ्या रंगीत फरशांबाबत मात्र मी फार कठोर आहे. प्रत्येक फरशीच्या चारही कडा बोटाने दाबून पाहाव्यात. जोड उघडला असेल, चीर असेल किंवा हलवल्यावर आत खुळखुळत असेल, तर ती फरशी विकायची नाही, चिकटवून तर मुळीच नाही. आतले चुंबक बाहेर पडून मुलाने एकाहून अधिक गिळले, तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना खेचून धरतात आणि आतड्याला छिद्र पडू शकते. चार पैशांसाठी हा धोका दुसऱ्याच्या घरी पाठवणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले. खोका जपलेला असेल आणि त्यावर हे चिन्ह असेल तर त्याचा फोटो जाहिरातीत अवश्य घालावा. लहान मुलांचे पालक तो आवर्जून पाहतात.

भाव कसा ठरवावा

आधी तो संच अजून नवा मिळतो का हे पाहावे. मिळत असेल तर आपण दिलेली किंमत विसरून आज तो प्रत्यक्ष कितीला मिळतो ते धरावे, सवलतीसह. पुस्तिकेसह पूर्ण आणि स्वच्छ संच मी आजच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास ठेवते. म्हणजे चार हजारांना मिळणारा संच दोन हजारांना, आणि खोकाही चांगला असेल तर दोनशे-तीनशे वर. थोडे किरकोळ तुकडे कमी असतील तर चाळीस टक्के, आणि एखादे छोटे माणूस नसेल तर त्याहूनही खाली येते.

कंपनी बहुतेक संच काही वर्षांतच बंद करते आणि बंद झालेल्या संचाचा भाव वेगळ्या रीतीने ठरतो. ब्रिकलिंकवर गेल्या सहा महिन्यांत तो संच प्रत्यक्षात कितीला विकला गेला ते पाहता येते. तिथे वापरलेल्या संचाचाच भाव पाहावा, नव्याचा नव्हे. तो परदेशी बाजारातला भाव आहे, त्यामुळे रुपयांत बदलून जसाच्या तसा मागू नये. परंतु आपल्या हाती सामान्य वस्तू आहे की दुर्मीळ, हे त्यावरून नक्की समजते. दुर्मीळ असेल तर घाई करू नये, योग्य घेणारा मिळेपर्यंत महिना-दोन महिने थांबावे.

संचात न बसणारे सुटे तुकडे वजनावर विकावेत. २×४ उंचवट्यांची एक वीट सुमारे २.३ ग्रॅम भरते, म्हणजे किलोत अशा ४३० च्या आसपास विटा येतात. मिश्र तुकडे असतील तर संख्या त्याहून बरीच वाढते. घेणाऱ्याला ‘एक किलो’ म्हणजे नेमके किती हे यावरून समजावून सांगता येते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून काट्याचा आकडा दिसेल असा फोटो काढावा. सुट्या मालातून छोटी माणसे आधी काढून घ्यावीत आणि ती वेगळी विकावीत. मी पहिल्या वेळी जे गमावले ते मुख्यतः हेच.

आपल्याकडे भाव करणे होणारच. ‘छेल्लो भाव शुं, बेन?’ (शेवटचा भाव काय, ताई?) हा प्रश्न तर जाहिरात टाकल्यावर पंधरा मिनिटांत येतो. म्हणून मनातला शेवटचा आकडा आधीच कागदावर लिहून ठेवावा आणि जाहिरातीत त्यावर दहा-पंधरा टक्के ठेवावे. फोनवर एक आणि दारात दुसरा असा भाव मात्र करू नये, आणि समोरच्यानेही तसे करू नये, हे भेट ठरवतानाच नम्रपणे सांगावे.

फोटो आणि मजकूर

सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा जागी पांढरी चादर अंथरून फोटो काढावेत. पहिला फोटो बांधलेल्या संचाचा, दुसरा सगळ्या छोट्या माणसांचा ओळीने, तिसरा पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा क्रमांकासह आणि त्यानंतर जे खराब आहे त्याचे अगदी जवळून काढलेले फोटो द्यावेत. आकार कळावा म्हणून शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. फोटोत मुलांचे चेहरे, शाळेचा गणवेश, घराची पाटी किंवा गाडीचा क्रमांक येऊ देऊ नये, आणि कॅमेऱ्यातील स्थळाची नोंद बंद करावी.

मजकुराचा नमुना असा :

‘लेगो सिटी, संच क्रमांक फोटोत दिला आहे. वय ६ वर्षांपुढे. २९४ पैकी २९१ तुकडे आहेत, पुस्तिकेवरून बांधून तपासले आहे. नसलेले तुकडे : पारदर्शक निळा गोल दिवा १, पोलिसाची टोपी १, १×२ राखाडी पट्टी १. एका दारावर ओरखडा आहे, चौथा फोटो पाहावा. पुस्तिका आहे, खोका नाही. कोमट पाण्याने धुऊन वाळवले आहे. लहान तुकडे असल्यामुळे तीन वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही.’

कमतरता आधी लिहिल्या तर कोणी घेणार नाही, अशी भीती सुरुवातीला वाटते. माझा अनुभव उलटा आहे. ज्या जाहिरातीत तीन तुकडे कमी असल्याचे स्पष्ट लिहिले होते, ती ‘सगळे आहे, उत्तम स्थिती’ असे लिहिलेल्या जाहिरातीपेक्षा लवकर विकली गेली, कारण मोजलेले आहे हे वाचणाऱ्याला दिसते आणि उरलेल्या २९१ तुकड्यांवर त्याचा विश्वास बसतो. बडोद्यात हाच मजकूर गुजराती आणि इंग्रजीतही द्यावा. केवळ मराठीत दिला तर मराठी वस्तीच्या दांडिया बाजारापलीकडे तो फारसा पोहोचत नाही.

कुठे विकावे आणि कोणापासून सावध राहावे

सर्वांत आधी सोसायटीचा आणि शाळेतील पालकांचा व्हॉट्सॲप गट, कारण तिथे ओळख असते आणि टपालाचा प्रश्न येत नाही. त्यानंतर फेसबुक मार्केटप्लेस आणि ओएलएक्स. दुर्मीळ संचासाठी भारतातील लेगो संग्राहकांचे फेसबुक गट अधिक उपयोगी पडतात, तिथे किंमत जाणणारे लोक असतात. एप्रिलच्या शेवटी, उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर, आणि दिवाळीच्या आधी तीन आठवडे मागणी चांगली असते. दिवाळीची साफसफाई करताना सगळेच जण खेळणी विकायला काढतात, म्हणून आपली जाहिरात त्याआधी लागलेली असावी.

फसवणुकीचा एक प्रकार नीट समजून घ्यावा. जाहिरात लागताच कोणी फोन करतो, वस्तू न पाहता, घासाघीस न करता पूर्ण भाव मान्य करतो, आपण लष्करात किंवा सुरक्षा दलात असल्याचे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि ‘पैसे मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे आपल्याच खात्यातून जातात. एवढे एक वाक्य घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आजी-आजोबांना, समजावून ठेवावे. ‘पैसे पाठवले’ असा संदेश किंवा फोटो आला तरी स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहिल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नये. तरीही फसगत झालीच तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक असते.

वस्तू हवाली करताना

शहरातल्या शहरात असेल तर दिवसा, वर्दळीच्या जागी भेटावे. काळा घोडा चौकात कमाटीबागेच्या दारापाशी भेटणे मला सोयीचे वाटते, कारण पालक बहुधा मुलांना घेऊन येतात आणि ती जागा सगळ्यांना ठाऊक असते. सोबत यादी न्यावी आणि घेणाऱ्याला हवे असेल तर पिशव्या उघडून पाहू द्याव्यात. एकदा एक सात-आठ वर्षांचा मुलगा बाकावर बसून पाच छोटी माणसे एकेक करून ओंजळीत घेऊन मोजत होता आणि त्याचे वडील शांतपणे उभे होते. त्या पाच मिनिटांची घाई करू नये.

बाहेरगावी पाठवायचे असेल तर संच सुटा करून झिपच्या पिशव्यांत भरावा, छोटी माणसे वेगळ्या लहान डबीत ठेवावीत आणि पुस्तिका पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवावी. बांधलेला संच पाठवला तर वाटेत मोडतो आणि जागाही फार लागते. जागेचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच किलो म्हणून धरतात. ३०×२५×२० सेंटिमीटरचा खोका प्रत्यक्षात सव्वा किलोचा असला तरी तीन किलोंचे पैसे लागतात. म्हणून आधी बांधून मोजावे, आपल्या जवळच्या टपाल कचेरीतील स्पीड पोस्टचा दरही विचारावा आणि मगच घेणाऱ्याला पाठवणीचा खर्च सांगावा. खोका बंद करण्याआधी आतील पिशव्यांचा आणि वजनाचा एक छोटा व्हिडिओ काढून ठेवावा.

दोन वेळा जाहिरात देऊनही जे विकले गेले नाही, ते अंगणवाडीत किंवा बालवाडीत द्यावे, मात्र तिथे डुप्लो किंवा मोठे लाकडी ठोकळेच द्यावेत. लहान तुकडे मोठ्या मुलांच्या वर्गासाठी किंवा वाचनालयातील मुलांच्या कोपऱ्यासाठी विचारून पाहावे.

विक्री झाल्यावर यादी लगेच फाडू नये. सोफ्याच्या फटीत, कपाटामागे, जुन्या दप्तराच्या तळाशी तुकडे सापडत राहतात, आणि ते कोणत्या संचाचे हे यादीवरूनच कळते. मी दारामागे एक लहान कापडी पिशवी टांगून ठेवली आहे. पोलिसाची ती हरवलेली टोपी दिवाळीच्या साफसफाईत पंख्याच्या खोक्यात सापडली, आणि मी ती साध्या लिफाफ्यात घालून घेणाऱ्याच्या पत्त्यावर टाकून दिली.